केसातला पेंढा

जोहे, ३ जून १९९१

चि. सौ. सरूस आजी ठमाबाईचे पोटभर आशीर्वाद वि. वि.

पणतू झाला ऐकलं तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नायत. गणपती रंगवता रंगवता तशीच उठले नि गावभर गूळ-खोबरं वाटलं, सगळ्यांच्या खोबऱ्यावर माझी गुलाबी बोटं! पण गो, बारशाला तुझ्या बापाचं नाव ठेवायचं म्हणतेस ते नको. सखा माझा लेक, मला का नको होईल? पण दारू पिऊन गणपतींचा टेम्पो उलटवला नि मेला, हेच गाव बोलतं. पोराला जन्मभर बेवड्याचं नाव कशाला?

दुसरं, तो काळुराम तुझ्या दारात का घिरट्या घालतो? टेम्पो त्याचाच ना? सखाने हट्टाने चालवायला घेतला, असं पोलिसांना सांगून तेव्हा मोकळा झाला. आता ख्रिस्ती झालाय, येशूने पापं माफ केली म्हणतो. कसली पापं गो? नि माफी एवढी स्वस्त? मांजराने डोळे मिटले की आपण दुधाचं भांडं उचलावं. बाळाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढ.

म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी

रोहा, १२ जून १९९१

ती. आजीस सरूचा शि. सा. न. वि. वि.

बाळ खुशाल आहे. आजी, हे बसून वाच. काळुराम सांगतो, त्या दिवशी पिऊन टेम्पो तोच चालवत होता. उलटल्यावर त्याने बाबांना ओढून चालकाच्या जागी बसवलं, बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली.

मी विचारलं, देवाने माफ केलं ना, मग माझ्या उंबऱ्यावर काय काम? म्हणाला, माझा दंड प्रभूने स्वतःच्या अंगावर घेतला, मी तरलो हे मला पक्कं ठाऊक आहे. भीती होती तोवर खोटं बोललो, भीती गेली म्हणून आता खरं सांगवतंय. आमच्या ह्यांचं म्हणणं, याला काहीतरी हवं असणार. त्याला तुझ्यासमोर येऊन बोलायचं आहे. येऊ दे का?

आम्हा मायलेकरांवर आशीर्वाद असू दे.
तुझी सरू

जोहे, २ जुलै १९९१

चि. सौ. सरूस आजीचे आशीर्वाद वि. वि.

काळुराम येऊन गेला. मी निरोप धाडला होता, आधी पेणला पोलिसांत लिहून दे, मग माझ्या अंगणात पाय ठेव. वाटलं, आता कसला येतो! तर देऊन आला. केस उभी राहील म्हणे. तरी माझा वहीम जाईना. भावकी गोळा केली नि सगळ्यांसमोर एकच विचारलं, सखा बसला होता कुठं?

म्हणाला, मागे हौद्यात, पेंढ्यात. हादऱ्याने सोंड तुटू नये म्हणून मोठ्या गणपतीला मिठी मारून.

सरू, सखाला शेवटची आंघोळ घातली तेव्हा त्याच्या केसात, कानात, सदऱ्याच्या आत पेंढा होता. मीच वेचला. आपल्या घरात पेंढा कुठं नसतो, म्हणून मनावर घेतलं नाय. पुढे बसणाऱ्याच्या सदऱ्यात पेंढा जाईल कसा, हे सुचलंच नाय गो. नि हे मी कुणालाच बोलले नव्हते.

मी विचारलं, मी माफ नाय केलं, तर तुझ्या येशूची माफी उणी पडंल का? म्हणाला, नाय आजी, ती पुरी हाय. तुमची मागायला मला तोंड नाय. नि रडला. रडणाऱ्या बाप्यावर माझा भरवसा नाय, तुझा आजा ताडी पिऊन असाच रडायचा. पण हा जाताना नजर चोरून गेला नाय.

आता ऐक. बाळाचं नाव सखाच ठेव, नि कुर्रर्र असं कर की धाटावपर्यंत ऐकू जाईल. काळुरामला जेवायला बोलव, घुगऱ्या दे. पाळण्याची दोरी मात्र त्याच्या हातात देऊ नको. त्याच्या देवाने केलं असंल माफ. माझं अजून व्हायचं हाय.

बारशाला मी येतेच, तोवर जीव लावून ऱ्हा. सखाला माझा मुका.
तुझी आजी