काळ्या बॉनेटवरचा हात

सोलापूर
बुधवार, दुपार

प्रिय वैजयंती,

पत्र बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. लग्न झाल्यापासून मी तुला लिहिलेला हा पहिलाच कागद, तोही गॅरेजच्या कॅलेंडरचं मागचं पान. आज सकाळी फोन लावला होता, तो सृष्टीनं उचलला. "पप्पा, कधी येताय?" म्हणाली आणि मी फोन ठेवून दिला. तू उचलला असतास तरी तुमच्या मंद्रूपच्या घरी फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय बोलत नाहीत. आई ऐकणार, वहिनी ऐकणार. म्हणून लिहितोय. मंजुनाथ बाजाराला टेम्पो घेऊन तिकडे निघालाय, त्याच्याजवळ देतो. अक्षराला नावं ठेवू नकोस. पेन बोटांतून सारखं निसटतंय. ते का, तेही सांगतो, पण मला जरा वळसा घेऊन येऊ दे. सरळ सांगायचं धाडस माझ्यात नाही.

तुझा राग मला माहीत आहे. नळाला पाणी नाही, टँकरमागं कुठं पळत बसशील, सृष्टीला घेऊन थोडे दिवस माहेरी राहा, असं सांगून मी तुला बसमध्ये बसवून दिलं. आणि शेजारच्या नागव्वानं तुला लगेच कळवलं की पाणी तर येतंय की, तुझा नवरा अंगणात सडा घालतोय. त्या बाईपुढं पेपरवाला मागं पडेल. तुझ्या मनात काय काय आलं असेल, आणि त्यातलं एक तर तू फोनवर बोलूनही दाखवलंस. वैजू, तसलं काही असतं तर मी निदान दाढी तरी केली असती.

वकीलसाहेबांची ती काळी गाडी आठवते तुला? तुम्ही दोघी डबा घेऊन आल्या होतात आणि सृष्टी तिच्या दारात स्वतःचं तोंड बघून जीभ काढत बसली होती. काळा रंग मोठा चहाडखोर. पांढऱ्या गाडीवर काहीही खपून जातं, काळ्यावर फडक्याचा एक चुकलेला हातसुद्धा उन्हात ओरडून सांगतो. म्हणून तर शहाजीशेठनी गॅरेजात पॉलिशचं मशीन आणलं तेव्हा मी तोंड फुगवून बसलो होतो. मी हातानं पॉलिश करत शिकलेला माणूस. मऊ फडकं बोटांवर ताणायचं, वाटाण्याएवढं पॉलिश घ्यायचं आणि वीत वीत रंग उजळत पुढं जायचं. काळ्या गाडीला त्यात एक दिवस पुरत नाही. मशीन तेच काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकतं. पण फिरता पॅड जरा कलला की रंगावर ओरखड्यांची गोल गोल जाळी उठते, आणि एका जागी रेंगाळला की पत्रा तापून रंगावरचा पारदर्शक थर जळतो. कागदापेक्षा पातळ असतो तो, एकदा गेला की गेला.

त्यावर उपाय सोपा असतो. मधे मधे मशीन थांबवायचं आणि हाताची उलटी बाजू पत्र्यावर टेकवायची. सृष्टीला ताप आलाय का बघताना तू टेकवतेस, तशीच. कोमट लागलं तर पुढं चालायचं, चटका बसला तर थांबायचं. एवढं कळल्यावर माझं मशीनशी असं जमलं की तू त्याला सवत म्हणायला लागलीस.

त्या दिवशी वकीलसाहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर मी हात टेकवला, गार लागलं. पुन्हा मशीन फिरवलं, पुन्हा हात टेकवला, तरी गारच. मग वास आला. शहाजीशेठ पलीकडून धावत आले, त्यांनी बॉनेटला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. कडेचा काळा रंग जळून राखाडी पट्टा उघडा पडला होता. शेठ चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "जोतिराम, एवढं तापलंय, अन् तुझ्या हाताला कळंना व्हय रं?"

मी पॅड खराब आहे म्हणालो. काळ्या गाडीला मशीन नकोच, हातानंच करू, असंही ठणकावून सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. शेठनी तर दारावर पाटी लावली, काळ्या गाडीला फक्त हातपॉलिश. चिंचोळी एमआयडीसीतले साहेब लोक गाड्या घेऊन यायला लागले, जुनी कारागिरी वेगळीच असते म्हणायला लागले, आणि मी मान डोलवायचो. खरं म्हणजे मशीनचं बटण दाबायची मला भीती बसली होती.

पण हातानंही मला सांभाळून घेतलं नाही. हातपॉलिशच्या आधी बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या रंगावरून फिरवतात. धुळीचा कण राहिला असेल तर पिशवीतून खरखर लागते. मला सगळंच गुळगुळीत लागायला लागलं. एका दारावर मी मन लावून फडकं चालवलं आणि गाडी उन्हात काढली तर दारभर ओरखडे. फडक्याखाली खडा होता, तो मीच दाबून दाबून फिरवला होता.

तू जायच्या आधी मी गरम तवा उचलला होता, आठवतं ना. करंगळीला हा एवढा फोड आला. तू ओरडलीस आणि मी हसून म्हणालो, कामगाराचं कातडं जाड असतं. कातडं जाड नाही, वैजू. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझी राहिलेलीच नाहीत, बाकीचा हातही मंदावत चाललाय. कोपराखाली तो फिकट चट्टा आहे ना, पॉलिशच्या औषधाचा डाग म्हणून तू ज्याला खोबरेल चोळायचीस, तिथं मी सुई टोचून बघितली. रक्त आलं, पण मला काही कळलं नाही.

तेव्हा मला आमच्या गावचे कुंडलिकनाना आठवले. ते रानातल्या खोपीत एकटेच राहायचे. आई भाकरी दगडावर ठेवायची आणि लांबूनच हाक मारायची. मग नाना यायचे आणि दोन्ही मनगटांत धरून ती भाकरी उचलायचे. त्यांना काय झालंय ते घरात कुणी बोलत नसे. तसलं झालंय, एवढंच म्हणत. सुई टोचल्या दिवसापासून मी माझा पेला वेगळा ठेवला, अंथरूण लांब टाकलं, सृष्टी मांडीवर बसायला आली की काहीतरी काम काढून उठलो. तिचं ते हिरमुसलेलं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटी पाण्याचं निमित्त केलं. तुम्हाला वाचवतोय असं मला वाटत होतं.

काल मी सरकारी दवाखान्यात गेलो. कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून बाकावर बसलो होतो. डॉक्टरबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. बाई कापसाचं बारीक टोक हाताला लावणार आणि मी लागेल तिथं बोट ठेवून सांगायचं. मी सांगत गेलो, हितं, हितं. मग त्या थांबल्या. मी पुढच्या वेळची वाट बघत राहिलो. बराच वेळ झाला म्हणून डोळे उघडले, तर कापूस माझ्या चट्ट्यावरच होता.

कुष्ठरोग आहे. लिहिला एकदाचा तो शब्द. बाई म्हणाल्या, गोळ्यांनी हा पूर्ण बरा होतो, आणि गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला होत नाही, वेगळं राहायची काही गरज नव्हती. पहिल्या गोळ्या त्यांच्यासमोरच घेतल्या. दोन बोटांना पुन्हा कळायला लागेल का, याचं त्यांनी वचन दिलं नाही. ते जाऊ दे. शेठना आज ना उद्या सांगेन, ती पाटीही उतरवायला लावीन. उठताना बाईंनी विचारलं, घरात आणखी कोण असतं, त्यांनाही तपासायला हवं.

वैजू, स्वतःसाठी मी दवाखान्याची पायरी चढलो नसतो. परवा तू फोनवर सहज बोलून गेलीस, सृष्टीच्या दंडावर फिकट डाग उठलाय, आई म्हणते जंत झाले असतील. मी नुसतं बरं म्हणालो आणि काल दवाखाना गाठला. असतीलही जंत. डॉक्टरबाईही म्हणाल्या की पोरांना असले डाग खूपदा साधेच असतात, पण घेऊन या. माझ्या डोक्यातून मात्र एकच जात नाही. ज्याच्यापासून वाचवायला पोरीला लांब पाठवलं, तेच मी तिच्याबरोबर पाठवलं असेल तर? म्हणून हे पत्र. वाचून झालं की तिला परसात घेऊन जा. देवघरातली वात घे आणि तिचं टोक ओढून बारीक कर. खेळ आहे म्हण, डोळे मिटायला लाव. आधी गालाला लाव, तळहाताला लाव, तिला हसू दे. मग त्या डागावर लाव आणि थांब. ती काहीही म्हणाली तरी उद्या पहिल्या बसनं दोघी या, मी स्टँडवर उभा असेन. पण त्याआधी मला फोन कर. आई ऐकू देत, वहिनी ऐकू देत, दुसरं काही बोलू नकोस. ती हितं म्हणाली का, एवढंच सांग.

तुझाच,
जोतिराम