नळाचा न, बाणाचा ण

आप्पा, तुम्ही मला मारून मारून वाचायला शिकवलंत, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे गोड बोलायची वेळ येणार नाही. कांजूरमार्गच्या खोलीत आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही वॉचमनची पाळी संपवून आलायत, आणि मी स्टोव्हपाशी पेपर घेऊन बसलेय. ओळीखाली तुमचं बोट. मी ‘पानी’ वाचते आणि गालावर एक बसते. “नळाचा न का बाणाचा ण?” मी रडत पुन्हा पानीच म्हणते, कारण घरात सगळेच पानी म्हणतात, तुम्हीसुद्धा. “आवं, मरंल की पोरगी,” आई म्हणायची. “तू गप. मला हसत्यात तसं लोकांनी हिला हसावं व्हय?” एकदा लाटणं फेकून मारलंत. कानामागे टाके पडले, आणि आईने डॉक्टरला सांगितलं की पोरगी मोरीत घसरली. राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची? मी तुमचा भयंकर राग करायची. अजूनही करते.

आता वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी मी वाचनाचा वर्ग घेते. महापालिकेच्या शाळेतल्या बाई अडखळणारी मुलं आमच्याकडे पाठवतात, वस्तीतल्या बाया सतरंज्या घालतात, गोष्टीची पुस्तकं सांभाळतात. नियम एकच, वाचताना उच्चारावरून मुलाला अडवायचं नाही. म्हशीला तहान लागलीय एवढं कळलं की पुरे, ण येतो मागाहून. पावसाळाभर गप्प बसलेली दुसरीतली एक पोरगी गेल्या सोमवारी पहिल्यांदा अख्खं पान वाचत होती. “म्हैस पानी पिते,” ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली. तिचा बाप रिक्षा लावून तिला न्यायला आला होता. तो चपलांसकट आत घुसला. “पाणी बोल ना! बाणाचा ण दिसत नाय तुला?” आणि त्याने तिला अशी मारली की ओठ फुटून पुस्तकावर रक्त सांडलं.

मी त्याची कॉलर धरून त्याला कपाटावर आपटलं. एक थोबाडीत दिली, मग दुसरी. त्याने हात उचलला नाही. “बाई, माझ्या बापाने पण मला असंच शिकवलं,” तो म्हणाला. “म्हणून तर वाचता येतं ना मला.” मी तिसरी दिली. शेवटी बायांनी मला ओढून बाजूला केलं. घरी येऊन मी खूप रडले. बापाने तिला पाठवायचं बंद केलं तर ती पुन्हा पुस्तक हातात धरणार नाही, हे मला कळत होतं.

काल आली ती, आईचा पदर धरून, सुजलेल्या ओठाने. मला इतका आनंद झाला की मी तेच पुस्तक घेऊन तिच्याजवळ गेले. ते द्यायला हात पुढे केला, तर तिने दोन्ही गाल झाकून घेतले आणि भराभरा म्हणत सुटली, “पाणी, पाणी, पाणी.” मी पुस्तक सतरंजीवर ठेवलं आणि लांब जाऊन बसले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, बरंच आहे. असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्ही वाचावी असं मला वाटत नाही. त्या माणसाला मारताना मला फार बरं वाटत होतं, आप्पा.