पट्ट्यांऐवजी पाठवलेली जोडी

लास त्रांकास,
३० जुलै

प्रिय रायेन,

खोका उघडून तू मला पहिली शिवी हासडली असशील, ती मला इथे बसून ऐकू आली. मागितली होतीस बूट बर्फावरच्या फळीला जखडणारी पट्ट्यांची बाइंडिंग, आणि म्हाताऱ्याने पाठवली मागून उघडणारी, उभ्या उभ्या पाय सरकवून खटका लावायची जोडी. तीच, जिचं नाव आपल्या घरात नऊ वर्षांत कुणी काढलेलं नाही. माझ्या हातून चूक झालेली नाही आणि माझं डोकंही फिरलेलं नाही. खोका परत बांधायला घेऊ नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग जोडी फळीवर बसव नाहीतर दरीत फेकून दे, मी विचारायला येणार नाही.

फोनवर सांगता आलं असतं म्हणशील. तीनदा लावला मी फोन. तिन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तू जेवलीस का विचारलं आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की मी विषय बदलतो. कागदाला निदान आवाज नसतो.

इकडची खबर फार काही चांगली नाही. ऐन हिवाळ्यात, भर जुलैत पाऊस पडला आणि खालचा सगळा बर्फ वाहून गेला. वरच्या लिफ्टच्या पुढे तेवढा शिल्लक आहे. गिऱ्हाईक नाही. समोरच्या हॉटेलवाल्याने खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि तो मुलाकडे कोन्सेप्सियोनला निघून गेला. मी सकाळी दुकान उघडतो, शेगडीत लाकडं सारतो, माते चहाचा प्याला भरतो आणि एकटाच पीत बसतो. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. दर रविवारी ती मला कासुएलाचा रस्सा खायला बोलावते. ताटात सगळ्यात मोठा मटणाचा तुकडा मला वाढते आणि म्हणते, "दादा, घ्या हो, तुम्ही होतात म्हणून आम्ही मायलेकी उभ्या राहिलो." मी खाली मान घालून खातो.

आता तुझ्या हाताचं. मार्चमध्ये मनगट मोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांत ताकद येईल, आणि तू जूनमध्येच डोंगराच्या धारेवर गेलीस. तुझ्या बाबाचीच तू. अंगठा आणि पहिलं बोट धड मिटत नसताना पट्टे ओढायचे म्हणून तू हातमोजा काढलास आणि तिथल्या वाऱ्यात अकरा मिनिटं उघड्या हाताने झटत बसलीस. मधल्या बोटाचं टोक काळं पडलं, डॉक्टरांनी कापलं. मला तू कळवलंस काय, तर "काका, नेलपॉलिश वाचलं." मी हसलो नाही. त्याच निरोपात पुढे होतं, की पंधरा ऑगस्टपासून वाटाड्याची नोकरी पक्की झाली, रोज गिऱ्हाईक घेऊन धारेवर जायचंय, तेव्हा कडकातली कडक पट्ट्यांची जोडी निवडून पाठव, डाव्या हाताने आवळायची सवय करीन. आणि शेवटी, "ती झटपटवाली मात्र नको, तिने बाबाला खाल्लं."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पंधरा तारखेनंतर तू रोज त्या वाऱ्यात बसणार, रोज मोजा काढणार, आणि एक दिवस बोटाच्या टोकावर निभावणार नाही. तेही माझ्या शब्दाखातर. म्हणून जोडी निवडायला बसलो आणि पट्ट्यांच्या जोड्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

तीन मागवल्या. ओस्वाल्दो कसायाच्या बर्फपेटीत, डुकराच्या तंगड्यांशेजारी, दोन दिवस ठेवल्या. तो म्हणाला, "एलिसेओ, तू आता हे विकणार? नऊ वर्षं हे वापरणाऱ्यांना शिव्या घालून?" मी त्याला आपलं काम बघ म्हटलं. मग उजवा हात कोटाच्या खिशात शिवल्यासारखा कोंबून, डाव्या हातात सगळ्यात जाड मोजा चढवून, एकेक जोडी लावून बघितली. पहिलीचा खटका छोटा, अंगठ्याशिवाय बसत नाही. परत केली. दुसरीची बैठक प्लास्टिकची. थंडीत असलं प्लास्टिक काचेसारखं होतं, शिवाय टाचेखाली तिचा तळ बंद, बर्फ अडकला की तिथेच थापला जातो. तीही परत. ही तिसरी. बैठक अॅल्युमिनियमची, टाचेखाली मोठी भोकं, बर्फ खाली गळून पडतो. खटका लांब, धातूचा, तळहाताने रेटला तरी बसतो. पुढचे पट्टे एकदा तुझ्या बुटाच्या मापाने लावले की मोसमभर हात लावायचा नाही. तुझे जुने बूट माझ्याकडेच राहिले होते, त्यांच्यावर मी माप लावून दिलंय. पुढच्या पायाचा कोन अठरा अंश, मागच्याचा उलटा सहा. हे बदलू नकोस.

कडक आहे, हे पहिल्याच उतारावर कळेल. मऊ जोडी चुका पोटात घालते, ही घालत नाही. घोट्याने मनात आणायचा अवकाश, फळीची कड बर्फात घुसलेली असते. शिकाऊ माणसाला दिली तर नाकापेक्षा मोती जड, दोन दिवसांत गुडघे धरून बसेल. पण तासलेल्या बर्फाच्या उभ्या उतारावर हीच लागते. आणि कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात खाली बसून पट्टे आवळायला गेलीस की उठता उठता दम जातो, ते तुला मी काय सांगू.

हिची एकच खोड आहे, ती नीट ऐक. टाचेखाली बर्फ दबून राहिला तर जोडीची मागची पाठ पूर्ण उभी होत नाही. खटका बसल्यासारखा वाटतो, खट् असा आवाजही येतो, पण तो बोटभर वर राहिलेला असतो. सरळ उभं असताना काही कळत नाही, दोन-तीन वळणंही निभावतात. मग जोर आला की उघडतो. म्हणून आधी बूट फळीवर आपटायचा, टाचेची जागा खरवडायची, मग पाय घालायचा. आणि खटका कानाने नाही, डोळ्याने तपासायचा. इतकी साधी गोष्ट आहे. नऊ वर्षांत मी ही कुणाला सांगितली नाही.

तुझ्या बाबाने, निबाल्दोने, असली पहिली जोडी आणली तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. त्याला कुठलीही नवी वस्तू मिळाली की तो पोरासारखा व्हायचा, आठवतं ना? स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून पाय आत-बाहेर करत होता आणि तुझी आई सोपायपियाच्या पुऱ्या तळता तळता ओरडत होती, की फरशी फुटेल. त्याला दुकानात याच जोड्या भरायच्या होत्या. मला नको होत्या. पट्टे आवळायचं काम मी वडिलांच्या हाताखाली शिकलो, खोऱ्यातली निम्मी माणसं माझ्याकडून शिकली. धाकट्या भावाने एक खटका आणायचा आणि माझी तीस वर्षं मोडीत काढायची, हे मला झेपलं नाही. मी त्याला म्हणायचो ही आळशांची बाइंडिंग आहे. तो म्हणायचा, "दादा, तू पट्टे आवळून होईस्तोवर मी खाली जाऊन, अंघोळ करून, तुझ्या नावाने चहा पिऊन येतो."

तो गेला त्या मंगळवारी सकाळी लिफ्टच्या रांगेत सगळ्यांसमोर तो म्हणाला, "अरे, माझ्या दादाला वर एक खुर्ची पाठवा रे, बसून पट्टे आवळायचेत त्याला. आणि जमलं तर एक दाई." चाळीस माणसं हसली. लिफ्ट चालवणारा इतका हसला की त्याने दोन खुर्च्या रिकाम्या सोडल्या. मीही हसलो, दात दाखवून. आतून इतका पेटलो होतो की वर धारेपर्यंतच्या दोन तासांच्या चालीत मी त्याच्याशी अक्षर बोललो नाही. त्याला ते कळलंच नाही. तो शीळ घालत पुढे चालला होता. मध्येच थांबून त्याने मला अर्धं चॉकलेट दिलं आणि मी ते खिशात टाकलं, खाल्लं नाही.

'घशाची नळी' म्हणतो त्या उभ्या घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा वारा सुटला होता. तू लिहिलं होतंस, की तिकडच्या लोकांना आपली थाप माहीत नाही, तू गिऱ्हाइकांच्या पोटरीवर थाप मारलीस तर ते दचकतात. इथे आपल्याला ती जन्मापासून माहीत. पुढच्याने पाठ करून उभं राहायचं, मागच्याने वाकून त्याच्या टाचा तपासायच्या, ठीक असेल तर पोटरीवर दोन थापा. थापा मिळाल्या की निघायचं, मागे वळून बघायचं नाही. थाप मिळाली नाही तर आपल्या खोऱ्यातला पट्टीचा माणूससुद्धा जागचा हलत नाही. तुझे आजोबा म्हणायचे, बायकोवर संशय घ्या, थापेवर घेऊ नका.

पुढचं जे तुला ठाऊक आहे ते मीच सांगितलेलं आहे. चौथ्या वळणावर, नळी अरुंद होते तिथे, मागचा पाय सुटला. फळी एका पायाला लटकून फिरली आणि त्याला डाव्या कड्यावर घेऊन गेली. मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. खटका दगडावर आपटून तुटला होता, त्यामुळे कुणाला त्यातून काही वाचता आलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, बाइंडिंग आपोआप उघडली. बचाव पथकाला तेच, तुझ्या आईला तेच. मग मी दुकानावर पाटी लावली, की असली जोडी इथे बसवून मिळणार नाही. लोक म्हणाले, एलिसेओ तत्त्वाचा माणूस. ती पाटी वाचत वाचत तू मोठी झालीस, आणि तिच्यापायीच या जूनमध्ये तू मोजा काढलास.

रायेन, त्या दिवशी निबाल्दो माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि मी वाकून त्याच्या टाचा बघितल्या. मागच्या पायाचा खटका बोटभर वर होता. टाचेखाली पांढरा बर्फ दिसत होता, स्पष्ट. मला दिसलं नाही असं झालं नाही. मला ती खोड आधीच माहीत होती, कारण आठवडाभर मी चोरून त्याच्या जोडीत दोष शोधत होतो. माझ्या मनात आलं, पडू दे. पहिल्याच वळणाला मऊ बर्फात तोंडावर आपटेल, संध्याकाळी चाळीस माणसांसमोर मी सांगेन, आणि ही झटपटवाली अडगळीत जाईल. देवाशपथ, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं. पण पहिल्या वळणाला खटका टिकला. दुसऱ्याला टिकला, तिसऱ्यालाही. मी वरून हाका मारायला लागलो, वाऱ्यात त्याला काही ऐकू गेलं नाही. बाइंडिंग आपोआप उघडली नव्हती, मी ती उघडी असलेली बघून दोन थापा मारल्या होत्या. तुझ्या आईला मी रविवारी जेवणाआधी सांगणार आहे. तुला आधी लिहिलं, कारण तुला पंधरा तारखेला धारेवर उभं राहायचंय. माझं तोंड बघू नकोस, माझ्या मयतीला येऊ नकोस, तो तुझा हक्क आहे. पण ही जोडी लाव. तिने तुझ्या बाबाला खाल्लं नाही.

तुझाच म्हणण्याचा अधिकार उरला नसलेला,
एलिसेओकाका