अकरा नंबरचा दगड

४ फेब्रुवारी

आज एका बाईने पाच नंबरच्या दगडाला मिठी मारून डोळे मिटले. दहा मिनिटं! नवरा फोटो काढतोय. मग मला विचारते, "तुम्हाला इथे रोज काहीतरी जाणवत असेल ना?" जाणवतं — कंबर दुखते. सत्तावीस वर्षं वाकून या दगडांचे नकाशे काढते आहे, दुसरं काय जाणवणार?

५ फेब्रुवारी

नवे साहेब गोदामातही गॉगल काढत नाहीत, म्हणून या वहीत त्यांचं नाव गॉगल. येऊन तीन महिने झाले नाहीत आणि आज अकलेचे तारे तोडले — अकरा नंबरचा दगड कलतोय, बुडाशी खड्डा घेऊन बघू या. मी म्हटलं, कशाला? बाबांच्या पुस्तकात आहे सगळं. "पुस्तक वाचलंय मी," म्हणे. वाचलं असतं तर विचारलं नसतं!

बाबांनी स्वच्छ लिहिलंय: अकराही दगड मूळ जागी उभे सापडले, चार हजार वर्षांत त्यांना कुणी हात लावलेला नाही. इथे शेळ्या चरत होत्या तेव्हा बाबांनी हे वर्तुळ जगाला दाखवलं. त्या एका वाक्यावर त्यांचं नाव आहे. माझे सगळे नकाशेही त्याच वाक्यावर. आणि हा कालचा पोरगा येऊन तपासणार!

७ फेब्रुवारी

विरोधाचं पत्र दिलं. दीड पान. गॉगलने वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. खिशात!

९ फेब्रुवारी

बाबांना अजून सांगितलेलं नाही. नव्वदीला आलेत, दिवसभर खिडकीशी खुर्चीत. ताई म्हणते, "सांग की. त्यांचंच काम आहे ते." ताईला काय कळतंय! जन्मात तिने बाबांचं पुस्तक उघडलं नाही. त्यांची नखं कापते, गोळ्या देते, आणि सल्ले मला.

१२ फेब्रुवारी

खड्डा सुरू. गॉगल स्वतः उतरला, गुडघ्यांना पोत्याचे तुकडे बांधून. विदूषक दिसतो. माती मात्र बरी कापतो, हे लिहायला हवं. कडा सरळ आहेत. तेवढं शिकवलंय कुणीतरी.

१४ फेब्रुवारी



आमच्या कामात एक रीत आहे. खोदून झालं की बुजवण्याआधी तळाशी चालू सालाचं नाणं टाकायचं. पुढे कुणी खणलं तर त्याला कळावं, ही माती आधी एकदा उपसलेली आहे. मला ही रीत बाबांनीच शिकवली.

आज अकरा नंबरच्या खाली — शेजारी नाही, बरोबर खाली — नाणं निघालं. बाबांच्या उत्खननाच्या सालाचं. म्हणजे आधी नाणं पडलं, मग त्यावर दगड उभा राहिला.

मी म्हटलं, कुणीतरी नंतर सरकवलं असेल. "दोन टनांचा दगड उचलून?" गॉगल म्हणाला. हळू म्हणाला, हसला नाही. नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "आधी घरी बोला. दोन दिवस मी अहवाल लिहीत नाही." याची दया कुणी मागितली होती!

१५ फेब्रुवारी

नाणं बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही बाजू पाहिल्या.

"सापडलं होय?"

वर्तुळात तिथे खिंडार होतं, म्हणाले. वरची मोठी माणसं पाहायला यायची होती. ओढ्यातला एक लांबट दगड आठ माणसांनी दोन दिवस ओढत आणला आणि उभा केला. पावसाळ्यानंतर बुडाशी गवत आलं, कुणाला शंका आली नाही.

"मग नाणं कशाला टाकलंत?"

"पुस्तकात खोटं लिहिलं गं. खड्ड्यात नाही जमलं." मग म्हणाले, "तू कामाला लागलीस तेव्हा वाटलं, आता ही खणेल. दर वर्षी वाट बघितली."

मी कशाला खणू? माझे बाबा होते ते! सत्तावीस वर्षं जगाला भोळसट म्हणत आले. माझ्याइतकी भोळसट बाई मी पाहिली नाही. खूप राग आलाय, आणि त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त.

ताई दारात उभी होती. तिला त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल," म्हणाली. "तू एवढी हुशार."

१६ फेब्रुवारी

सकाळी गॉगलला फोन केला. अहवाल लिहा, बाबांच्या नावासकट लिहा. तो "बरं" म्हणाला.

फोन ठेवला तर बाबा खुर्चीतून विचारतायत, "आणि चार नंबर? तो नाही उपसलात?"