तुमच्या भावाचे हृदय आणि तुमचा नवस

ती. मनकर्णाअक्कांना दैवशालाचा नमस्कार.

आज सकाळी तुमचे भाऊ ओल्या धोतरात पोखर्णीच्या रिक्षात बसलेले सापडले, म्हणून हे पत्र लिहावे लागले. (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.) सेलूला सगळे बरे असतील असे धरून चालते.

यांचे हृदय फुटले असे तुम्ही सांगत सुटला आहात. फुटलेले नाही. अँजिओप्लास्टी करताना तारेचे टोक एका बारीक रक्तवाहिनीला लागले आणि रक्त बाहेर न सांडता हृदयाच्या भिंतीतच साचले. मी बी.एस्सी.ला बेडकाचे हृदय कापलेले आहे, त्यामुळे डॉक्टरांना दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. (शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, "म्हंजी भिंतीला ओल आली म्हणा की!" मी नाइलाजाने हो म्हटले.) असे फार क्वचित कोणाला होते. बाकीच्या खाटांवरचे लोक नुसते स्टेंट टाकून घरी गेले. यांच्या खाटेभोवती मात्र शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असे. तुमच्या घराण्यात आजवर कोणासाठी एवढी शिकलेली माणसे उभी राहिली नव्हती. हे एकदाही कण्हले नाहीत. मला अभिमान वाटला. यांना सांगितलेला नाही.

रक्त आता जिरत आहे, पण भिंत अजून कच्ची आहे. वजन उचलायचे नाही, वाकायचे नाही. आणि तुम्ही पोखर्णीच्या नरसिंहाला बोलून मोकळ्या, की भाऊ घरी आला तर देवळाभोवती लोटांगण घालील! रिक्षातून उतरवताना हे म्हणाले, "अक्का बोलून बसलीय, फेडावं लागंल की!"

"अक्कांनी तुमचं हृदय बघितलंय का?"

"न्हाई."

"मी बघितलंय. पडद्यावर. उतरा खाली."

तेव्हा यापुढे नवस बोलायचा तर स्वतःच्या अंगाने फेडता येईल असाच बोलावा.

आपली,
दैवशाला

ता. क. वरचे सकाळी लिहिले. रिक्षा दारात आलेलीच होती, रिकामी कशाला पाठवायची? यांना सुगंधाबाईंच्या पहाऱ्यात बसवून मीच पोखर्णीला जाऊन आले. लोटांगण पुरे झाले. माझा विश्वास नाही. पण त्या भिंतीच्या बाबतीत मला काहीही अर्धवट ठेवायचे नाही. यांना कळू देऊ नये.

आणखी एक. तुमचा मुलगा बालाजी सेलूला परत निघाला आहे, त्याच्याजवळ दिले: हे पत्र, नारळाची अर्धी वाटी, अंगारा आणि तुमच्या सांधेदुखीच्या तेलाची रिकामी बाटली. ती उद्याच भरून पाठवावी. सध्या या घरात वाकू शकेल असे कोणी नाही.