बराबर म्हणजे चाळीस टोपल्या

अप्पा, मागच्या बुधवारी चाचांची लेक जवळा बाजारला, माझ्या शाळेत आली होती. तुम्ही बॉयलर सांभाळायचात आणि चाचा त्यात कोळसा टाकायचे, त्या चाचांची ही धाकटी. चाचाही आता नाहीत. आता परभणीला कॉलेजात शिकवते. हिंगोलीच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून वर्षानुवर्षं किती कार्बन हवेत गेला, तो वाढला की घटला, याचा ती अभ्यास करते आहे. आपल्या तेलगिरणीच्या जुन्या दिवसांचा दुसरा काही पुरावाच उरलेला नाही. तुमच्या वह्या तेवढ्या आहेत, आणि त्या तिच्याकडे आहेत. लेकरू आणावं तशा छातीशी धरून तिने त्या आणल्या. तीही तुम्हाला अप्पाच म्हणते. "अप्पांची वही", "अप्पांचं अक्षर" असं तिचं चाललं होतं आणि मी समोर चहा ओतत होते. खरं सांगते, माझा नुसता जळफळाट झाला. पन्नाशी उलटली माझी, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी झाला.

तुम्ही रिटायर झालात त्या आठवड्यातली गोष्ट. तुम्ही ओट्यावर बसला आहात, वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला, आणि बारावीतली ती पोर समोर उभी. "घे माय, तुह्या कामाच्या हायेत," असं म्हणून तुम्ही गठ्ठा तिच्या हातात देता. मी माहेरी आलेली, आत भाकरी थापते आहे. एकदा आत डोकावून "तुला पायजेत का गं?" असं विचारलं असतंत, तर मी नकोच म्हणाले असते. माझ्या त्या काय कामाच्या होत्या? पण विचारायचं तरी. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा आई मला बोलली, तुम्हाला कोणी काही बोललं नाही.

तुमच्या वहीला मी एकदाच हात लावला होता, आठवतं? मी चौथीत आहे. तुमचा डबा घेऊन गिरणीत येते. बॉयलरच्या खोलीत उकाडा, कोळशाचा वास, चाचा घामाने निथळत फावडं टेकून उभे. आदल्या दिवशी कोळसा ओला निघाला होता, काळाकुट्ट धूर पार स्टेशनापर्यंत गेला होता. त्या दिवसापुढे तुम्ही टोपल्यांचा आकडा लिहिला होता, अठ्ठावन्न. आजच्या दिवसापुढे नुसतं 'बराबर'. शाळेत नुकतंच शिकवलं होतं, दोन आडव्या रेघा म्हणजे बरोबर, इकडे जेवढं तेवढंच तिकडे. तुम्ही हात धुवायला गेलात, तेवढ्यात मी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलं, 'बराबर = कालच्या इतकेच'. वाटलं, अप्पा खूश होतील. तुम्ही आलात, वाचलंत, आणि चाचांसमोर माझ्यावर ओरडलात.

"काहून हात लावला वहीला? बराबर म्हंजे कालच्याइतकं न्हाई! बराबर म्हंजे जेवढं पायजे तेवढं. आग बराबर लागली का चाळीस टोपल्या. धूर दिसला न्हाई पायजे, तवा बराबर."

"जाने दो दादा, बच्ची है," चाचा म्हणाले. मी रडत घरी आले आणि पुन्हा कधी डबा घेऊन गेले नाही. पुढे माझं लग्न झालं, आणि चाचांची पोर त्याच खोलीत बसून तुमच्या वह्यांतले आकडे वाचायला शिकली.

तर बुधवारी तिने लॅपटॉप उघडला. "बघा ताई, आपल्या गिरणीचा कार्बन पहिले लई होता, आता कमी कमी होऊन राहिला. मंगळवारी हिंगोलीला सगळ्यांसमोर मांडायचंय." उतरती रेघ होती. मी म्हटलं, ही कशी उतरेल? गिरणीत बॉयलर आता पूर्वीपेक्षा जास्त तास चालतो. "बराबर लिहिलंय तिथं काय धरलंस?" मी विचारलं.

"कालच्याइतकं. मला बी आधी वाटलं, बराबर म्हंजे ठीक. पर अप्पांनी सोताच लिहून ठेवलंय ना." तिने पुठ्ठा उघडून दाखवला. तुम्ही चौथी शिकलेले आणि मी चौथीत, आपली अक्षरं सारखीच वाकडी. एका ओल्या कोळशाच्या दिवसाचे अठ्ठावन्न तिने पुढच्या सगळ्या 'बराबर' दिवसांना लावले होते. तुमचा सगळा काळ तिने काळाकुट्ट करून ठेवला होता, माझ्या शब्दावर.

आणि मी गप्प बसले, अप्पा. मनात म्हटलं, पडू दे तोंडघशी. वह्या तुझ्याकडे, बराबरचा अर्थ माझ्याकडे. एवढं तरी माझं राहू दे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार हाच विचार करत मी पोरांना गणितं घातली.

आज, रविवारी, फोन केला. तुमच्यावर ती काळी रेघ राहिली असती, ते मला सोसेना. चाळीस टोपल्यांचं सांगितलं. पलीकडे तिची बोटं लॅपटॉपवर चालल्याचं ऐकू आलं.

"ताई, मग आलेख उलटा होतो. वर चढतो."

"चढू दे. खरं तेच मांड."

"पर अप्पांनी लिहिलेलं?"

"ते अप्पांचं नाही. माझं आहे. त्यावरून बोलणी खाल्ली होती मी."

ती हसली. मग म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं मी तुमचं अक्षर अप्पांचं समजून जपून राहिले." अप्पा, मला फार बरं वाटलं. आणि मग ती सहज बोलून गेली, "काहून ठेवलं असंल त्यांनी ते? दुसरा कुठला आकडा चुकला का पट्टी लावून खोडायचे."

खरंच, तुम्ही ते खोडलं नाहीत. पुठ्ठा फाडला नाहीत. वहीला हात लावला म्हणून ओरडलात, आणि त्या हाताचं अक्षर तसंच ठेवलंत.

त्या पुठ्ठ्याचा फोटो मी तिच्याकडून मागून घेतला. नीट तपासून बघायचंय, असं तिला सांगितलं. तपासायचं काही नव्हतं, अप्पा.