सपाट चित्र

९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, उगाच जिने चढू नका.

माझा ‘भंगारबाजार’ कुठवर आला, असं तू विचारलंस. एकोणीस स्टिरिओस्कोप झाले. तुला ठाऊकच आहे, पुठ्ठ्यावर जवळजवळ सारखे दोन फोटो असतात. दोन भिंगांतून पाहिले की त्यांचं एकच चित्र होतं, जवळचं जवळ आणि लांबचं लांब दिसतं. खरा जुना कुठला, हे मी नुसता हात फिरवून सांगतो. मुठीला आजकालचा फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला की समजावं, मागाहून कुणीतरी हात घातलाय. दुकानदार मला टरकून असतात.

गेल्या जूनमध्ये अक्रोडाच्या लाकडाचा एक घेतला. घरी आणून पाहतो तर चित्र सपाट. पुलावरचे मजूर आणि खालची नदी एकमेकांना चिकटलेली. भिंग बदलून फसवलंत, म्हणून दुकानात जाऊन तावातावाने भांडलो. दुकानदाराने स्वतः पाहिलं, मग मला एकेक डोळा झाकून पाहायला लावलं.

“काका, भिंग अस्सल आहे. तुम्ही डोळा दाखवून घ्या.”

डावा डोळा गेला होता. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, अंतराचा अंदाज चुकेल, पायऱ्या जपून उतरा. मी कुणाकडेच बोललो नाही. लोक माझ्याकडे वस्तू पारखायला आणतात. एका डोळ्याच्या पारख्याकडे कोण येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

ताई, इकडचं तिकडचं पुरे झालं.

नोव्हेंबरात आई जिन्यात पडली, तेव्हा फरशी ओली नव्हती. तिच्या सोबतीच्या बाईंनी ती पुसून ओली ठेवली, असं मी सांगितलं. त्या तर आत आईचं औषध काढत होत्या. तू त्यांना चार लोकांत खुनी म्हणालीस, दारातून हाकललंस, आणि मी खाली मान घालून शेजारी उभा राहिलो. त्यानंतर त्यांना कुणी कामावर ठेवलेलं नाही.

आईचा हात माझ्या हातात होता. तिला खालचं दिसत नसे, म्हणून दर पायरीला विचारायची, “संपल्या का रे?” शेवटची पायरी आणि फरशी एकाच रंगाची. मला सगळं सपाटच दिसलं. मी म्हणालो, “संपल्या, आई. टाक पाय.”

एक उरली होती. तिने पुन्हा विचारलंसुद्धा नाही गं, सरळ पाय टाकला.

काल बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला आत घेतलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “हे मला काय सांगता? मला माहीतच होतं. तुमच्या बहिणीला सांगा.”

त्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. मला भाऊ म्हणायचं की नाही, ते नंतर ठरव. आधी त्यांच्याकडे जा.

धाकटा